अकरा ग्रॅमचं पाकीट

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या भागातल्या पोस्टाच्या खिडकी क्रमांक चारवर माझ्या संग्रहातलं सर्वांत मोलाचं पाकीट सरकारजमा झालं. कारवाई शांततेत पार पडली. रांगेत माझ्यामागे सात माणसं होती. त्यांपैकी एकानेही हळहळ व्यक्त केली नाही. एकजण "आटपा हो" म्हणाला.

बत्तीस वर्षं मी एका दैनिकात इतरांच्या बातम्या कापायचं काम केलं. काय झालं, कुठे झालं आणि केव्हा झालं हे पहिल्या परिच्छेदात आलं नाही तर मला अजूनही जेवण जात नाही. ‘का झालं’ हे मात्र सावकाश सांगावं लागेल, कारण त्यात माझी थोडी अब्रू गुंतलेली आहे.

मी लष्करी टपाल जमवतो. लोकांना वाटतं मी तिकिटं जमवतो, आणि ते मोठ्या प्रेमाने पाकिटांचे कोपरे फाडून मला आणून देतात. मी आभार मानतो आणि घरी येऊन ते टाकून देतो. मला अख्खं पाकीट लागतं. युद्धाच्या काळात आघाडीवरून घरी किंवा घरून आघाडीवर गेलेलं, त्यावरच्या सगळ्या शिक्क्यांसकट, तपासनिसाच्या चिकटपट्टीसकट, चहाच्या डागासकट. त्यातही माझा खास प्रांत म्हणजे ताब्याचा काळ. आमच्या शहरावर चौदा महिने परक्या फौजेचा ताबा होता. त्यांना नवी तिकिटं छापायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी पोस्टातली शिल्लक तिकिटं उचलली आणि आमच्या राजाच्या नाकावरून काळ्या शाईत आपलं नाव छापलं. राज्य बदलल्याचं लोकांना भाषणांपेक्षा त्या नाकावरून जास्त कळलं असावं.

माझी बायको या सगळ्याला ‘दुसऱ्यांची पत्रं’ म्हणते. तिने कधी विरोध केला नाही. फक्त पाहुणे आले की ती सांगते, "हे दुसऱ्यांची पत्रं जमवतात," आणि पुढचं पाहुण्यांच्या कल्पनेवर सोडते.

तर ते पाकीट. सहा वर्षांपूर्वी पोस्टाचं जुनं सामान लिलावात निघालं होतं. ते घेतलेल्या फर्निचरवाल्याकडे एका टेबलाच्या खणामागे हे अडकलेलं मला दिसलं. त्याने पाकीट नुसतं द्यायला नकार दिला, म्हणून टेबलही घ्यावं लागलं. ते आमच्या गॅलरीत आहे. त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली घडी करून ठेवलेला अंक मी संपादित केलेला आहे.

पाकिटावर आमच्या फौजेचा तिकोनी शिक्का होता. सैनिकांचं टपाल बिनतिकिटाचं जायचं. पण पाकीट शहरात पोचेपर्यंत शहर दुसऱ्यांचं झालं होतं, आणि त्यांना बिनतिकिटाचं टपाल मान्य नव्हतं. त्यांनी वर नाकावर आपलं नाव छापलेलं तिकीट डकवलं, पत्र पोस्टात अडकवून ठेवलं आणि घरी चिठ्ठी पाठवली, की येऊन वहीत सही करा आणि घेऊन जा. कोणी आलं नाही. मग खाली जांभळा शिक्का पडला: मुदतीत नेले नाही. एका पाकिटावर दोन फौजा आणि एक नकार. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पाकीट बंद होतं. कुणीही ते कधीच उघडलं नव्हतं. असं पाकीट हजारांत एक मिळतं, आणि उघडलं की ते उरलेल्या नऊशे नव्याण्णवांत जातं.

मी ते मोजलं, वजन केलं, निळ्या दिव्याखाली धरलं. भिंगातून चार संध्याकाळी पाहून त्यावर अडीच पानांचं टिपण लिहिलं. शनिवारी आमच्या संग्राहक मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं आणि माझ्या चौकटीच्या मधोमध ते बसणार होतं. पदक जवळजवळ माझ्या खिशात होतं. तेवढ्यात ब्रिगेडिअर आडवे आले.

ब्रिगेडिअर हयातभर विमा कंपनीत होते. फौजेशी त्यांचा संबंध एवढाच, की मिशा तशा आहेत आणि तेही लष्करी टपाल जमवतात. गेली अकरा वर्षं आमच्या दोघांच्या चौकटी शेजारी शेजारी लागतात. अकरा वर्षं आम्ही एकमेकांना "वा, सुंदर" म्हणतो आणि घरी जाऊन चुका काढतो. या वेळी त्यांनी प्रदर्शनाआधीच पाकिटावर भिंग धरलं आणि अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "बाकी छान आहे. जांभळा शिक्का मला जरा घरगुती वाटतो."

घरगुती. म्हणजे बटाटा कापून स्वयंपाकघरात बनवलेला. माझ्या आयुष्यात माझ्यावर दोनदा बदनामीचे खटले झाले, पण एवढं लागलं नव्हतं.

"पोस्टातून लिहून आणतो," मी म्हणालो.

"आणा की. मी साक्षीला येतो."

याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. सहा वर्षं पाकीट घरात सुखाने होतं. मी ते स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, साक्षीदार सोबत घेऊन, सरकारच्या हातात दिलं.

खिडकी चारवरच्या बाईंना रांगेतले लोक ‘नियमावली’ म्हणतात. त्यांचा चष्मा साखळीला लटकलेला असतो, आणि त्यांनी तो डोळ्यांवर चढवला की लोक आपोआप कागद सरळ धरतात. त्यांनी माझं पाकीट घेतलं, उलटसुलट केलं, मागच्या खोलीत गेल्या आणि जुन्या शिक्क्यांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. एक पान काढून त्यांनी शिक्का त्याच्याशेजारी धरला. त्या मिनिटभरात मी ब्रिगेडिअरांकडे पाहिलं नाही. मी मोठ्या मनाचा आहे असं मला वाटत होतं.

"शिक्का खरा आहे," बाई म्हणाल्या. "याच कार्यालयाचा."

आता मी ब्रिगेडिअरांकडे पाहिलं.

"लिहून द्याल?"

"देते." त्यांनी कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि थांबल्या. "पाकीट बंद कसं?"

"उघडलंच नाही कुणी."

"म्हणजे बटवडा झाला नाही."

"नाही ना. त्यातच तर त्याची—"

"मग हे टपाल आहे."

"लष्करी टपाल," मी जरा अभिमानाने म्हणालो.

"टपाल," बाई म्हणाल्या. "बटवडा न झालेलं टपाल कुणाला सापडलं तर त्याने ते जवळच्या कार्यालयात जमा करायचं असतं. तुम्ही केलंत. कार्यालय आभारी आहे." आणि त्यांनी पावतीपुस्तक काढलं.

मी समजावून सांगितलं. लिलाव, टेबल, आखूड पाय, सगळं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि हेच मला जास्त भीतिदायक वाटलं. मग त्या म्हणाल्या, "टेबल तुमचं. पत्र ज्याला लिहिलंय त्याचं. तो मिळेपर्यंत आमचं." मग, मला वाटतं दयेपोटी, त्यांनी एक वाट दाखवली. "शिक्का बनावट आहे असं तुम्ही लिहून दिलंत तर हे टपाल नाही, नुसता कागद आहे. लगेच परत देते."

ब्रिगेडिअर खोकले.

वाचकहो, मी त्या क्षणी काय विचार केला ते प्रामाणिकपणे सांगतो. पहिला विचार आला, लिहून द्यावं. दुसरा आला, की साक्षीदार मीच आणलाय. तिसरा, आणि हा उशिरा आला पण आला, की बत्तीस वर्षांत मी खोटी ओळ छापू दिली नाही, तर आता कशाला. मी म्हणालो, "शिक्का खरा आहे." पावती मिळाली. तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

परतताना ब्रिगेडिअर माझ्या बरोबरीने चालत होते. कोपऱ्यावर ते म्हणाले, "मी ‘वाटतो’ म्हटलं होतं. ‘आहे’ म्हटलं नव्हतं." त्यांच्या परीने ती दिलगिरी होती.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पोचली. कशी, ते मी शोधलं नाही. आपल्या वृत्तपत्रांना हे जाळं कधी जमलं नाही. तळमजल्यावरचे वकीलकाका वर आले आणि म्हणाले, नोटीस देऊ. कुणाला, असं विचारल्यावर म्हणाले, सगळ्यांना. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य स्वतः फुलपाखरांची तिकिटं जमवतात. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाढ काढण्याआधीच्या आवाजात म्हणाले, "काही गोष्टी गेलेल्याच बऱ्या." माझ्या मेहुण्याची सगळीकडे ओळख असते. त्याने फोन लावला. पोस्टातल्या बड्या साहेबांशी तो शाळेत एका बाकावर होता. साहेबांनी आस्थेने चौकशी केली आणि सांगितलं, की खिडकी चारच्या बाईंना तेसुद्धा घाबरतात.

बायकोने चहा ठेवला आणि विचारलं, "पत्र कुणाचं होतं?"

"एका सैनिकाचं. हवालदार असावा. मजकूर नाही दिसत, पण तिकोनी शिक्क्याचा तो प्रकार फक्त—"

"कुणाला लिहिलं होतं?"

"बायकोला."

"काय लिहिलं होतं?"

"अगं, बंद आहे ते."

तिने चहाखालचा गॅस बारीक केला. "अहो, सहा वर्षं माणसाचं पत्र घरात आहे. बायकोला लिहिलेलं. लढाईवरून. आणि तुम्हाला एकदाही वाटलं नाही की आत काय असेल?"

मी म्हणालो, उघडलं की किंमत जाते.

"कुणाची?" ती म्हणाली आणि साखर घालायला विसरली, किंवा विसरली नाही.

मग तिने पत्ता विचारला. पत्ता मला पाठ होता. मी त्यावर टिपण लिहिलं होतं: अक्षर उजवीकडे झुकलेलं, शाई निळी-काळी, दुसऱ्या ओळीत निब अडखळलेलं. घंटाघरामागची गल्ली, पावाच्या भट्टीवरचं घर, दुसरा मजला.

"म्हणजे आता चष्म्याचं दुकान आहे तिथे," बायको म्हणाली. "अकरा मिनिटांवर आहे. तुमचा चष्मा तिथूनच आणलाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी आयुष्यात निदान दोनशे वेळा मथळ्यातून काढून टाकली असेल, गुळगुळीत झाली म्हणून. ती माझी वाट बघत होती.

बुधवारी सकाळी दहाला आम्ही गेलो. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. आत उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. त्या आमच्याकडे थेट बघत नव्हत्या, जरा बाजूला बघत होत्या, जसं कोपऱ्यातून डोकावून पाहावं तसं. माझ्या बायकोने चपला काढल्या आणि एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाली, "बाई?"

त्यांनी मान तिरकी केली. "तिसरा बाक, खिडकीकडचा. नदी डोंगरावर चढवायचीस."

"एकदाच बाई. सहामाहीला."

"वार्षिकला पण. आणि हे कोण?"

"माझे मिस्टर."

"यांना तरी उतार कळतो का?"

अशा रीतीने भूगोलाच्या बाईंशी माझी ओळख झाली. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्याच घरात जन्मल्या आणि त्याच घरातून एकोणचाळीस वर्षं शाळेत गेल्या. मी पाकिटावरचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईचं नाव. तुम्हाला कुठे मिळालं?"

मी सांगितलं. बातमी सांगायची मला सवय आहे, पण जिची बातमी आहे तिला समोरासमोर सांगायची नाही. ते काम आमच्याकडे वार्ताहर करत.

बाईंनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाल्या, "चिठ्ठी आलेली मला आठवते. मी पाच वर्षांची होते. पिवळ्या कागदाची. आईने वाचली आणि चुलीत घातली. म्हणाली, त्यांच्या वहीत माझं नाव लागायचं नाही. आम्हाला वाटलं, बोलावणं असेल चौकशीला. पत्र आहे असं त्यावर लिहिलं असेल का हो?"

"‘टपाल आहे’ एवढंच छापलेलं असायचं. कुणाचं, ते नसायचं."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे तिला माहीत नव्हतं." आणि बऱ्याच दिवसांच्या उभ्या असल्यासारख्या खुर्चीत बसल्या.

वडील परत आले नाहीत. कुठे राहिले ते कुणी कळवलं नाही. सरकारी यादीत ते ‘पत्ता नाही’ या रकान्यात आहेत आणि तिथेच राहिले.

"पाकीट कसं आहे? सांगा."

आणि इथे माझं ते अडीच पानी टिपण, ज्याला बायको सहा वर्षं हसत होती, पहिल्यांदा कुणीतरी मन लावून ऐकलं. लांबी, रुंदी, झुकलेलं अक्षर. अडखळलेल्या निबाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. कुठल्या शब्दावर अडखळलंय? मी म्हणालो, ‘दुसरा’ या शब्दावर. त्या हसल्या. "मजला चढताना पण तिथेच अडखळायचे."

"वजन अकरा ग्रॅम," मी म्हणालो.

"रिकामं पाकीट किती असतं?"

"त्या काळातलं? चार, साडेचार."

बाईंनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोन कागद. कदाचित अडीच. आई म्हणायची, दोन ओळींवर तिसरी लिहिताना या माणसाला घाम फुटतो." त्या खिडकीकडे वळल्या. "काय लिहिलं असेल एवढं?"

निळ्या दिव्याखाली मला आत काहीतरी चौकोनी, जरा जाड दिसलं होतं, तेही मी सांगितलं. फोटो असेल, किंवा घडीच असेल. माहीत नसलेलं ठामपणे सांगायचं नाही हा माझा धर्म आहे, आणि त्या दिवशी तो पाळणं जड गेलं.

मग पत्र लवकर मिळायला हवं असं त्या म्हणाल्या, आणि त्याचं कारण सांगितलं. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग विझत चालला आहे. कडेने दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, मोठं भिंग घेऊन अजून दोनेक महिने वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. "आणि मी ते कुणाकडून वाचून घेणार नाही," बाई म्हणाल्या. "ही वाचेल, हिचे उच्चार चांगले आहेत. पण माझ्या बाबांचं आहे. मी वाचीन."

माझ्याकडे सात भिंगं आहेत. त्यातलं सर्वांत मोठं, दिव्याचं, मी संध्याकाळी नेऊन दिलं. ब्रिगेडिअर त्या भिंगावर चार वर्षं डोळा ठेवून होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

गुरुवारी आम्ही तिघं खिडकी चारवर. नियमावलींनी चष्मा चढवला. पत्र जिच्या नावाचं ती हयात नसेल तर ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. पाठवणारा म्हणजे तिकोनी शिक्क्यातला एक क्रमांक. ती पलटण मोडून सत्तर वर्षं झाली. त्यामुळे ते लष्कराच्या अभिलेख कार्यालयात जाणार. तिथून ‘पाठवणारा मिळत नाही’ असा शेरा आला की वारसाला. वारसाने आपण वारस असल्याचं, आणि त्या वेळी त्या पत्त्यावर राहत असल्याचं, आधीच सिद्ध करून ठेवायचं.

भूगोलाच्या बाईंनी पिशवीतून शाळेचा दाखला काढला. बालवर्गाचा, वडिलांचं, आईचं नाव, पत्ता, सगळं.

"हा ताब्याच्या काळातला आहे," नियमावली म्हणाल्या. "त्या काळातले दाखले ग्राह्य धरत नाहीत."

"आणि त्या काळातला जांभळा शिक्का ग्राह्य?" मी विचारलं.

"शिक्का आमच्या खात्याचा आहे."

"पण खातं त्यांच्या ताब्यात होतं."

"खातं खातंच असतं," त्या म्हणाल्या. मला राग आला, आणि तरीही कबूल करायला हवं, की मीही दैनिकाबद्दल तीन मालक बदलेपर्यंत हेच म्हणत होतो.

"मग काय आणू मी?" भूगोलाच्या बाईंनी विचारलं. आवाजात चीड नव्हती. परीक्षेला काय काय येणार एवढंच विचारावं तसं.

"त्या वेळची पोस्टाची बटवडा वही असती तर चाललं असतं. त्यात घराघराची माणसं लिहिलेली असायची. पण ती पुस्तकं बारा वर्षांपूर्वीच्या लिलावात गेली."

पोस्टाच्या पायऱ्या उतरताना बायको म्हणाली, "लिलावात गेली म्हणजे कुणाकडे तरी गेली."

मी ते ऐकलं आणि थांबलो. ती पुस्तकं कुणाकडे गेली ते मला माहीत होतं. गेल्या अकरा वर्षांत ती पानं मी दर प्रदर्शनात पाहिली होती आणि "वा, सुंदर" म्हणालो होतो.

शुक्रवारी सकाळी मी ब्रिगेडिअरांच्या दारात उभा राहिलो. माणसाला आयुष्यात एकदोनदाच असं दार वाजवावं लागतं. मी सगळं सांगितलं, क्रमाने. ते मिशीला हात लावून ऐकत होते. त्यांची चौकट तयार होती, सोळा पानांची, काचेमागे बसवलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायची. मधोमध बटवडा वहीचं पान, घंटाघरामागच्या गल्लीचं. योगायोग नव्हे. त्या पुस्तकांतली या एकाच गल्लीची वही धड उरली होती, आणि तेच त्यांचं वैभव होतं.

"मूळ पानच लागेल का?" त्यांनी विचारलं. "झेरॉक्स?"

"त्यांना मी ओळखतो. मूळच."

ते आत गेले. स्क्रू काढल्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आले तेव्हा पान दोन पुठ्ठ्यांमध्ये होतं. त्यांनी ते माझ्या हातात देण्याआधी उघडून दाखवलं. दुसरा मजला: बाई एक, मुलगी एक, वय पाच. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे सही हवी तिथे, बटवडा करणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: सही देत नाही.

"अकरा वर्षं ही ओळ मी लोकांना दाखवतोय," ब्रिगेडिअर म्हणाले. "मला वाटायचं, बाई भांडकुदळ असेल."

दुपारी आम्ही चौघं पान घेऊन खिडकी चारवर पोचलो. नियमावलींनी ते पाहिलं, पेन्सिलीची ओळ पाहिली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "हे खात्याचं आहे," त्या म्हणाल्या. ब्रिगेडिअरांचा चेहरा पाहून पुढे म्हणाल्या, "वही लिलावात रीतसर विकली गेली. पान तुमचंच. नोंद करून परत देते." माझं पाकीट मात्र लिलावात विकलेलं नव्हतं, टेबलासोबत चुकून गेलेलं होतं. हा फरक मला आता मान्य आहे. त्यांनी तीन अर्ज स्वतः भरले, कारण भूगोलाच्या बाईंना रकाने दिसत नव्हते. डोळ्यांचं माझ्या बायकोने हळूच सांगितलं होतं. नियमावलींनी पाकीट नोंदणीकृत केलं, वर लाल शाईत ‘तातडीचे’ लिहिलं, खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावली आणि साडेतीन वाजता ते हातात घेऊन स्वतः छाननी केंद्राकडे चालत गेल्या. रांगेतले लोक त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. कुणीही "आटपा" म्हटलं नाही.

शनिवारचं प्रदर्शन थोडक्यात सांगतो. माझ्या चौकटीत मधोमध एक रिकामी जागा होती आणि तिथे पावती लावली होती. ब्रिगेडिअरांचं पान अजून खात्याच्या नोंदीत अडकलेलं होतं, त्यामुळे त्यांच्याही चौकटीत मधोमध रिकामी जागा. परीक्षकांनी दोन्हींसमोर बराच वेळ उभं राहून लिहून घेतलं: विषयाची मांडणी अपूर्ण. सुवर्णपदक फुलपाखरांना मिळालं. दंतवैद्य भाषणात म्हणाले की हे पदक ते शेजाऱ्यांना अर्पण करतात, आणि आमच्याकडे असं पाहिलं की आम्हाला टाळ्या वाजवाव्या लागल्या. मी आणि ब्रिगेडिअरांनी एकाच वेळी वाजवल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका रिक्षाने घरी गेलो.

त्यानंतर वाट बघणं. नोंदणी क्रमांक टाकला की पाकीट कुठे आहे ते फोनवर दिसतं. इमारतीतल्या सर्वांनी तो क्रमांक उतरवून घेतला आहे. वकीलकाका सकाळी जिन्यातच सांगतात, "अभिलेख कार्यालयात दाखल." मेहुणा संध्याकाळी सांगतो, "अजून तिथेच, पण मी बोललोय." सोळाव्या दिवशी ‘पुढे रवाना’ असं आलं. कुठे पुढे, ते नव्हतं. मी बातमीदाराला अशा ओळीबद्दल घरी पाठवलं असतं.

या दिवसांत मी रोज दहाला भूगोलाच्या बाईंकडे जातो. भिंगाखाली वाचायचा सराव चालू आहे. माझ्या बायकोने जुन्या पाकिटांवरचं झुकलेलं अक्षर त्यांच्यासाठी मोठ्या कागदावर गिरवून आणलं, म्हणजे डोळ्यांना वळण ओळखीचं होईल. माझ्या संग्रहातली चाळीस पाकिटं त्यासाठी कामाला आली. त्यातली उघडी होती त्यांतली पत्रं आम्ही पहिल्यांदाच वाचली. एकाने गाईची चौकशी केली होती. एकाने मोज्यांबद्दल आभार मानले होते, दोन पानं. सगळी माझ्या कपाटात होती आणि मी त्यांचे शिक्के बघत होतो.

परवा बाई म्हणाल्या, "आतलं माझं. पाकीट तुम्ही घ्या, जावईबापू. तुमच्या चौकटीत भोक पडलंय म्हणे." मी नको म्हणालो. मग न राहवून म्हणालो, उघडाल तेव्हा वरच्या कडेने उघडा, तिकिटाकडून नको. बायकोने कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "सुरी आणून द्या." मी माझी हस्तिदंती मुठीची दिली आहे.

जाता जाता आभार, कारण पुढे जागा मिळेल की नाही सांगता येत नाही. नियमावलींचे, ज्यांनी माझ्याकडून पाकीट काढून घेतलं. ब्रिगेडिअरांचे, ज्यांनी शिक्क्यावर संशय घेतला. फर्निचरवाल्याचे, ज्याने टेबल गळ्यात मारलं. बायकोचे, ज्या एका प्रश्नासाठी ती सहा वर्षं थांबली त्याबद्दल. हे लोक आपापलं काम नीट करत होते. मी सोडून.

आज एकविसावा दिवस. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोनवर नवी ओळ आली: बटवड्यासाठी बाहेर. कुठल्या पत्त्यावर ते लिहिलेलं नाही. शेरा मिळून वारसाकडे निघालं असेल, किंवा पाठवणाऱ्याच्या नावाने तिकडच्याच एखाद्या कार्यालयात फिरत असेल. मी खिडकी चारला फोन केला. नियमावली म्हणाल्या, "बाहेर पडलेल्या टपालाबद्दल बोलता येत नाही." मग, फोन ठेवता ठेवता, "आज घरीच राहा म्हणावं त्यांना."

आम्ही त्यांच्या घरीच आहोत. भूगोलाच्या बाई खिडकीजवळ बसल्या आहेत. समोर टेबलावर भिंग, सुरी आणि सही करायला पेन. पेन त्यांनी तीनदा कागदावर चालवून पाहिलं. ब्रिगेडिअर जिन्यात उभे आहेत, वर यायला संकोचतात. बायकोने खिडकीतून खाली वाकून पाहिलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पोस्टमन गल्लीत शिरला. तो आधी डावी बाजू करतो. बाईंचं घर उजवीकडे आहे.